सगुणभाईच्या डोळ्यांतले दिवे

माझ्या भावाला त्याच्या पोटच्या मुलाने जिवंतपणीच हार घातला. असं एका दमात सांगितलं की लोक म्हणतात, कमलबाई, तुम्ही मास्तरीण होता, तुम्हाला वाढवून सांगायची सवय. मी आयुष्यभर पोरांना शुद्धलेखन शिकवलं, वाढवून सांगायला नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगते. मध्ये राग येईल तिथे येईल, तो मी आवरणार नाही.

सगुण माझा थोरला भाऊ. मी त्याला भाई म्हणते. आम्ही मूळ कारापूरचे. मी लग्न होऊन डिचोलीला आले. तो कारापुरातच राहिला आणि साखळीच्या बाजारात त्याने बायकोच्या नावाने फोटोचं दुकान घातलं, 'तारा फोटो स्टुडिओ'. मागे फोटो धुवायची काळोखी खोली, पुढे फोटो काढायची खोली आणि तिला एक मोठं जनेल. खिडकी म्हटलं की आमच्याकडे कुणाला पटकन कळत नाही, जनेलच म्हणायचं. त्या जनेलाला ताराने जुन्या धोतराचा पांढरा पडदा शिवून लावला होता आणि भाईची सगळी करामत त्या पडद्यातून गाळून येणाऱ्या उजेडाची होती.

त्याची खरी गिऱ्हाइकं सुर्ल्याच्या खाणीवरची माणसं. बहुतेक सावंतवाडी-कुडाळकडची, घरदार सोडून इथे ट्रकवर नाहीतर खाणीत राबायला आलेली. रविवारी न्हाऊन-धुऊन, तेल लावून यायची बिचारी, पण खाणीची माती काय साबणाने जाते? कॉलर तांबडी, कानाच्या पाळ्या तांबड्या, नखं तांबडी. रंगीत फोटोत माणूस वीटभट्टीतून काढल्यासारखा दिसायचा. भाईच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ती तांबडी माती नाहीशी व्हायची. गावी आईच्या हातात फोटो पडला की तिला वाटायचं, पोरगा कचेरीत बसतो. शेजारच्या दुकानात रंगीत फोटो निघायला लागले तरी ही माणसं भाईचाच उंबरठा झिजवत राहिली. गोकुळदास नावाचा एक ट्रकवाला तर दर गणपतीला गावी जाण्याआधी एक फोटो काढून पुढे पाठवायचा. आईने अंगाला खाज देणाऱ्या मातीत नव्हे तर धुतलेल्या सदऱ्यात आपल्याला बघावं, एवढीच त्याची हौस.

भाईचं दुसरं काम मेलेल्या माणसांचं. तेव्हा कितीतरी म्हातारी माणसं आयुष्यात एकदाही फोटो न काढता जायची. मग घरचे धावत भाईकडे यायचे. भाई जायचा, मिटलेल्या डोळ्यांचा फोटो काढायचा आणि दुकानात येऊन कागदावर बारीक कुंचल्याने डोळे उघडायचा. ते करून झालं की शेवटी दोन्ही बुबुळांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्यायचा. त्याला तो 'दिवा लावणं' म्हणायचा. जिवंत माणूस समोर बसला की जनेलाचा उजेड त्याच्या डोळ्यांत आपोआप उतरतो, तो दिवा. मेलेल्याच्या डोळ्यांत तो हाताने लावावा लागतो. "दिवो नसलो की नुसते उघडे डोळे गे, मनीस बघणा नाय," असं तो मला सांगायचा. मी गंमत म्हणून माझ्याच लग्नाच्या फोटोत बघितलं. होते, दोन्ही डोळ्यांत दिवे होते. नवऱ्याच्याही होते, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलते.

भाईचा स्वतःचा असा एकच फोटो. तो ताराने काढला. त्याने तिला बटण कुठलं ते दाखवलं, स्वतः खुर्चीत बसला आणि ती जनेलाला पाठ करून कॅमेऱ्यामागे उभी राहिली. फोटो धुतल्यावर भाईने भिंगातून बघितलं तर त्याच्या डोळ्यांत जनेल उतरलेलं आणि जनेलासमोर मुगाच्या दाण्याहून लहान अशी तारा, डोक्यावरचा अंबाडासुद्धा दिसणारी. येईल त्याला तो भिंग देऊन दाखवायचा, माझ्या डोळ्यांत बायको उभी आहे म्हणून. तारा लाजून मागच्या खोलीत जायची. तारा वारल्यावर भाईने तो फोटो कपाटात ठेवला. भिंतीवर लावला नाही. आमच्याकडे काळा-पांढरा फोटो सालात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, भिंतीवर चढला की तो माणूस गेलेला. जित्या माणसाचा कुणी चढवत नाही.

पुढे खाणी बंद पडल्या. सुर्ल्याची माणसं आपापल्या गावी गेली, ज्याच्या-त्याच्या खिशात फोनचा कॅमेरा आला आणि भाईने दुकानाला कुलूप लावलं.

त्याचा एकुलता एक मुलगा सिद्धेश. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार? पण बोलते. या मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटायची. कॉलेजात मित्रांना सांगताना बाप 'बिझनेस करतो' म्हणायचा. मड्यांचे फोटो काढतो असं कोण सांगेल! लग्न झालं ते हरमलच्या सेजलशी. तिच्या माहेरी समुद्राजवळ पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या आहेत. सिद्धेश तिकडेच राहायला गेला. भाई कारापुरात एकटा. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, तेवढंच एक माणूस रोज त्याच्याशी दोन शब्द बोलायचं.

आणि एक दिवस सिद्धेश आला, तो गोड बोलत. हरमलला कॉफीचं दुकान घालतोय, नाव देतोय 'तारा स्टुडिओ', भिंतीवर बाबांचे जुने काळे-पांढरे फोटो मोठे करून लावणार. हल्ली त्याचंच वेड आहे म्हणे. ज्यांना निळा समुद्र आणि तांबडा सूर्य बघायला विमानाने यायचं असतं, त्यांना भिंतीवर मात्र रंग नको असतो! असो. भाईला त्या दिवशी किती आनंद झाला ते मी डोळ्यांनी बघितलं. लेकाने बापाचा धंदा विचारला, आणखी काय हवं? त्याने निगेटिव्हच्या सगळ्या काचा आणि फिल्मा स्वतः पुसून, कागदात गुंडाळून दिल्या. मग कपाट उघडलं आणि आपला तो एकुलता एक फोटोही दिला. लावणार कुठे, एवढंच विचारलं. सिद्धेश म्हणाला, "दारातच, बाबा. मालक तू."

त्या एका शब्दासाठी भाईने रीत गिळली. इस्त्री केलेला सदरा काढून खुंटीला लावून ठेवला, उद्घाटनाला जायचं म्हणून. उद्घाटन झालं, आम्हाला बोलावणं नाही. गर्दी होती, ऊन होतं, बाबांना त्रास झाला असता, असं नंतर फोनवर कळलं. मी म्हटलं, उन्हाला घाबरणारा म्हातारा बाजारात तिरडीपुढे कॅमेरा घेऊन चालायचा तेव्हा तू जन्मला नव्हतास. भाई मला गप्प बसवत म्हणाला, बोलावील, निवांत झाला की बोलावील. सदरा खुंटीवर तसाच. बोलवावं, दारात उभं करावं आणि कुणातरी गिऱ्हाइकाला सांगावं की हे माझे बाबा, हे सगळे फोटो यांनी काढले. एवढीच त्याची आस होती. मला ती ठाऊक होती म्हणूनच माझा जीव जास्त जळत होता.

बोलावणं आलं नाही, गोकुळदास आला. तोच सुर्ल्याचा ट्रकवाला. आता टेंपोतून हॉटेलांना सामान पोचवतो. नेमकी मी त्या दिवशी कारापुरात होते. दारात उभा, पायांतली चप्पल आधीच काढलेली, मान खाली, हातात नारळ नाही, काही नाही. दार उघडलं ते भाईने, अंगात बनियन, हातात चहाची बशी.

गोकुळदास बघतच राहिला. मग म्हणाला, "सगुण, तू जितो आसय मरे!"

आमच्याकडे बोलताना 'मरे' सहज येतं, 'अरे बाबा' म्हणावं तसं. त्याचा मरणाशी काही संबंध नाही. पण त्या दिवशी तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आत येऊन बसल्यावर त्याने सांगितलं ते असं. हरमलला एका नव्या दुकानात दुधाचे क्रेट उतरवायला गेला तर दारात भाईचा हा एवढा फोटो. खाली दोन सालं लिहिलेली, मध्ये रेघ. फोटोला ताजा अबोलीचा हार, कपाळाला कुंकवाचं बोट, पुढे समई. बायका-पुरुष नमस्कार करताहेत, गोरे लोक फोटो काढताहेत. याला वाटलं, सगुण गेला आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही. क्रेट टाकून तो तडक दुखवट्याला आला.

भाई खो-खो हसला. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, आता मी शंभरी गाठतो, असं म्हणून त्याने गोकुळदासला चहा दिला. मीही हसले. पण गोकुळदास उठला, चप्पल पायांत घातली आणि काहीच न बोलता पायऱ्या उतरून गेला. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. तो मनात दुखवटा घेऊनच आला होता, तसाच गेला. त्याच्या ध्यानातही आलं नसेल. भाईच्या मात्र आलं. बशीतला चहा गार झाला तरी तो दाराकडेच बघत होता.

मी सिद्धेशला फोन लावला. तो हसत होता. म्हणाला, आते, ती आमची शांता आहे ना झाडलोट करणारी, तिने केलं ते. मी बघतो. काय बघतोस? बघतो म्हणजे बघतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी भाईला म्हटलं, घाल तो इस्त्रीचा सदरा, बोलावण्याची वाट बघू नकोस. म्हापशाला बस बदलली, पेडण्याला बदलली आणि दुपार कलताना हरमलला उतरलो.

दुकानात शिरताच पहिली दिसली ती शांता. समईत तेल घालत होती. तिने भाईकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा भाईकडे बघितलं आणि तेलाचं भांडं तिथेच ठेवून हात जोडले. मी तिला खांद्याला धरून बाकावर बसवलं. बांद्याची बाई, साधी. रडत रडत सांगितलं, बाय, माझा दोष नाय. दारात काळा-पांढरा फोटो, खाली दोन सालं, तिला वाटलं एक जन्माचं, एक मरणाचं. आणि फोटोला हार नाही. मालकांना वेळ नसेल, म्हाताऱ्याला पोरकं कसं ठेवायचं, म्हणून ती घरून अबोली माळून आणायला लागली.

सालं दुकानाची होती. तारा स्टुडिओ उघडला ते आणि बंद झाला ते. पण शांताला मी काय बोलू? तिने परक्या माणसाला फुलं वाहिली. चूक तिची, आणि माया पण तिचीच.

समई मात्र तिने आणली नव्हती. पितळेची, चांगली जाड, ती सिद्धेशने आणली होती. हार बघून गिऱ्हाइकं थांबतात, फोटो काढतात, विचारतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने शांताची चूक सुधारली नाही, सजवली.

तो आतून आला. आम्हाला बघून क्षणभर तोंडात मारल्यासारखा झाला, मग लगेच सावरला. भाईने आधी भिंतीभिंतीने फिरून आपले फोटो बघितले. सुर्ल्याचे ते सगळे धुतलेले, कारकुनासारखे दिसणारे मुलगे तिथे होते. भाई एकेकाचं नाव घेत होता, याचं लग्न मोडलं, याचा पाय ट्रकखाली गेला. कुणी ऐकत नव्हतं. मग आपल्या फोटोसमोर येऊन उभा राहिला. पुरुषभर उंच कागद, फळीवर डकवलेला, वर काच नाही, कारण काच चमकते आणि गिऱ्हाइकांना नीट फोटो काढता येत नाही. एवढा मोठा केल्यावर भिंग लागत नव्हतं. डोळ्यांतलं जनेल पावलीएवढं झालं होतं आणि त्यात तारा स्पष्ट उभी होती.

"सिद्धू," भाई म्हणाला, "मला खाली उतरव."

सिद्धेशने इकडे-तिकडे बघितलं. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, फोटोच तर आहे. लोक तुला नमस्कार करतात. साखळीत कोण करत होतं? आणि इथे येणारी माणसं पुन्हा येत नाहीत. त्यांना तू असलास काय नि नसलास काय, सारखंच."

मी तोंड उघडलं होतं, इतक्यात बाहेर गाडी थांबली. परदेशी पाहुण्यांचा घोळका उतरत होता. सिद्धेशची एकच धांदल उडाली. आते, बाबांना घेऊन घटकाभर आत बस, सेजल तुम्हाला खायला देईल, असं म्हणत त्याने आम्हाला जवळजवळ ढकलतच रांधपघरात नेलं. सेजलने खुर्च्या दिल्या. भाजी आणि उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, पुढे ठेवले. मान वर करून बघितलं नाही तिने, तेवढी शरम तिच्यात होती.

पडद्यापलीकडे सिद्धेश इंग्रजीत बोलत होता. भाईला इंग्रजी बेताचं. त्याने मला विचारलं, काय सांगतो? मी म्हटलं, काही नाही, धंद्याचं. पण भाईने माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मला खोटं बोलवेना.

"म्हणतो, तू गेलास."

भाईने उंड्याचा तुकडा खाली ठेवला. "कशान गेलंय? आयक मगे."

मी ऐकलं. आणि सांगितलं. तारा गेली, त्या दुःखाने तू वर्षभरात तिच्यामागोमाग गेलास, अशी गोष्ट आहे. बाहेर कुणीतरी बाई हळहळत होती.

माझ्या भावाला मी आईबाप गेले तेव्हा बघितलं, तारा गेली तेव्हा बघितलं. त्याचा चेहरा इतका उघडा पडलेला कधी बघितला नव्हता. तारा गेल्यावर हा माणूस मागोमाग गेला नाही. रोज उठला, चूल पेटवली, एकट्यासाठी भात रांधला, पोराच्या फोनची वाट बघितली. जगला, हाच जणू त्याचा गुन्हा. गोष्टीत तेवढं बसत नव्हतं.

घोळका फोटो काढून समुद्राकडे गेला. सिद्धेश त्यांना वाट दाखवायला बाहेर गेला. भाई उठला आणि सरळ फोटोपाशी गेला. मला वाटलं, फाडतो आता. फाडावा असं मला मनापासून वाटत होतं. पण त्याने शांताकडे काडेपेटी मागितली. एक काडी घेतली, तिच्या टोकाला समईतली वात चिमटीभर गुंडाळली आणि समईच्या कडेला जमलेली काजळी त्यावर टिपून घेतली. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं. आणि फोटोतल्या डाव्या डोळ्यातला दिवा त्याने काळा केला. मग उजव्यातला.

मेलेल्यांच्या डोळ्यांत जन्मभर तो दिवे लावत आला. हे दोनच त्याने विझवले.

माझ्या तोंडून गेलं, "भाई, अरे तारा गेली ना त्यातली!"

"तिका हयसर कित्याक ठेवू?" तो म्हणाला. खरंच, तिला इथे कशाला ठेवायची? काडी पुसून त्याने नीट समईच्या ताटलीत ठेवली.

शांताने बघितलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने हाराला हात लावला नाही आणि तेलाचं भांडं उचलून आत गेली. त्या दिवसानंतर ती अबोली आणत नाही, असं मला सेजलकडून कळलं. सिद्धेशने कापडी फुलांचा हार आणून लावलाय. फोटोच्या डोळ्यांत काय होतं आणि काय गेलं, हे त्याला अजून कळलेलं नाही. काळ्या-पांढऱ्याची त्याला एवढी पारख! गिऱ्हाइकं अजून नमस्कार करतात, अजून फोटो काढतात.

त्या दिवशी निघताना सिद्धेश दारापर्यंत आला. चांगलं बोलला. बाबा, सांभाळून जा, पुढच्या महिन्यात मीच गाडी घेऊन येतो तुला न्यायला, वगैरे. भाईने मान हलवली आणि पायऱ्या उतरला. मी रागावले होते, तरी रीत ती रीत, मागे वळून म्हटलं, "येते रे, सिद्धेश."

भाईने माझा हात धरला.

"कमल," तो म्हणाला, "दुखवट्याच्या घरातून निघताना येते म्हणू नये."